कोकमाचं आगळ चालेल, कॅप्सूल नको

प्रश्न : डॉक्टर, आईची डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या महिन्यात किरणोपचाराचे पंधरा शेक घ्यायचे आहेत. किरणांनी हृदयाला इजा होते हे वाचल्यापासून ती घाबरली आहे. मावशीने हळदीच्या अर्काच्या आणि द्राक्षबियांच्या कॅप्सूल आणल्यात. अँटिऑक्सिडंटनी हृदय वाचतं म्हणते. सुरू करू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : शेक संपेपर्यंत ती बाटली उघडू नका. मावशींचा तर्क मात्र अगदीच पोकळ नाही. किरण पेशीतल्या पाण्यावर आदळले की फ्री रॅडिकल, म्हणजे पेशीला इजा करणारे अस्थिर कण, तयार होतात. त्यांनी रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं आणि काही वर्षांनी हृदयाच्या धमन्या अरुंद होऊ शकतात. वनस्पतींतली काही द्रव्यं हे रॅडिकल टिपतात, तीच अँटिऑक्सिडंट. मणिपालला तुळशीतल्या ओरिएंटिन आणि व्हायसेनिनवर उंदरांत असे प्रयोग झाले, आणि दारच्या वृंदावनातली तुळस म्हणून मला त्यांचं कौतुकही आहे. पण मागे राहिलेली कर्करोगाची पेशी मारायची तीही याच रॅडिकलनी! कॅनडात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांची एक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट घेतलेल्यांना शेकाचा त्रास कमी झाला, पण रोग त्याच जागी परतण्याकडे कलही त्यांच्यातच जास्त दिसला. असला सौदा मला नको.

हृदय वाचवायचं तर 'श्वास धरून शेक देता येईल का' हे आजच विचारा. छाती भरून श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय बरगड्यांपासून मागे, खाली सरकतं. सीटी स्कॅनची दोन चित्रं शेजारी लावली की एरवी बरगडीला चिकटलेलं हृदय दुसऱ्यात सुटं दिसतं, मध्ये फुप्फुसाची काळी फट. ही फट मोलाची, कारण हृदयाला बसणारा किरणांचा सरासरी डोस एका ग्रेने (ग्रे हे त्याचं एकक) वाढला की हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. आईला रोज उताणं झोपवून, हात डोक्यावर घेऊन, वीस आकड्यांपर्यंत श्वास धरायला लावा. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, जन्मभर राबलेली माझी एक पेशंट पहिल्याच दिवशी पंचवीसपर्यंत गेली. सोबत आलेली तिची नात बाराला सुटली.

सोलकढी, आगळ, माशांच्या हुमणातली हळद खुशाल चालू द्या. तेवढ्याने शेकाला काही होत नाही. हृदयासाठी बीपी आणि साखर मात्र तपासून घ्या. कॅप्सूलची बाटली लेबलासकट डॉक्टरांना दाखवा, आई रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर आधी तेच करा.