पहिलंच बाळंतपण आहे, पंचविसावा आठवडा चालू आहे, आता पुढे काय काय होतं?

तू लिहिलंयस की पोट मधेच टणक होतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, जळजळ होते आणि घरात कोणालाही सांगितलं की एकच उत्तर, होतंच गं. मी डॉक्टर नाही, भुसावळची आहे, दोन बाळंतपणं झालीत, तुला तू म्हणते, राग मानू नको. घरच्यांचं बरंचसं खरं आहे. पण काही गोष्टी "होतंच"मध्ये बसत नाहीत, त्या कळायला पाहिजेत, बाकी सगळं निभतं.

आधी पोटाचं. चालून चालून दमलीस, पाणी कमी पडलं, लघवी दाबून ठेवली की पोट आवळल्यासारखं होतं, मग डाव्या कुशीवर पडलं, दोन ग्लास पाणी प्यायलं की सुटतं. दुखत नाही, ठराविक वेळाने येत नाही, ते चालतं. पण तासाभरात चार-पाच वेळा आवळलं, किंवा सोबत कंबर दुखतेय, खालून पाणी गळतंय, रक्ताचा डाग दिसतोय, तर सकाळची वाट बघायची नाही, ३७ आठवड्यांच्या आधी कळा सुरू होणं म्हणजे घाईचंच काम. लघवीला आग होत असेल तरी दाखव, जंतुसंसर्गाने सुद्धा कळा लवकर येऊ शकतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बायका पाणी कमी पितात म्हणून हे जास्त होतं. तुझे दिवस एप्रिल-मे मधे येत असतील तर जळगाव-भुसावळचं ४५ डिग्री तुला वेगळं सांगायला नको. लघवी गडद पिवळी दिसली की समजायचं पाणी कमी पडतंय. ताक, लिंबूपाणी, साधं पाणी, काहीही पी पण पीत रहा.

जळजळीचं म्हणशील तर गर्भाशय वर सरकतं, जठर दाबलं जातं, त्यात वरून शेवभाजी. मी काय सांगू, मला पण सुटत नव्हती. रात्री खायची नाही एवढं पाळ, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, आणि तीनदा पोटभर खाण्यापेक्षा थोडं थोडं पाच-सहा वेळा खा. सासूबाई म्हणतील "आते तू दोन जीवनी शेस, पोट भरीसन खाय", हो म्हणायचं आणि अर्धी भाकरी कमी घ्यायची. दुप्पट खायची गरज नसते, डाळ, अंडं, दूध, पालेभाजी वाढवलेली बरी.

गोळ्यांचं (म्हणजे औषधाच्या) एक नीट ऐक, लोहाची आणि कॅल्शियमची एकाच वेळी घ्यायची नाही, एकमेकींचं शोषण कमी होतं. लोहाची लिंबूपाण्यासोबत घे, आधी-नंतर तासभर चहा नको. संडास काळी होते, घाबरू नको. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टर डोस वाढवतील. आणि तुझं माहेर किंवा सासर सातपुड्याच्या पट्ट्यातलं असेल, नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल इकडचं, तर सिकलसेलची (आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी झाली आहे का विचार, तुझी नसेल झाली तर आधी तुझी, आणि तुझ्यात निघाला तर नवऱ्याची पण.

२४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी असते, ती टाळू नको. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त, १४० किंवा जास्त आलं की गरोदरपणातला डायबेटिस धरतात. सरकारी दवाखान्यात यासाठी उपाशीपोटी जावं लागत नाही, काही खाजगी डॉक्टर उपाशी बोलवतात, म्हणून आधी विचारून जा. मला ते प्यायल्यावर जाम मळमळलं होतं. अर्ध्या तासात उलटी झाली तर तिथेच सांग, टेस्ट पुन्हा करावी लागते. साखर निघाली तर केळी मोजून खायची एवढं आपल्या रावेर-यावलच्या माणसाला अवघड जातं, पण बहुतेकींचं खाणं आणि चालणं यावरच भागतं. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर २८ व्या आठवड्याच्या इंजेक्शनचं आत्ताच विचारून ठेव. खर्च परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते.

आता बाळाचं, हा भाग मात्र मजेचा. ह्या वेळी बाळ साधारण सातशे-आठशे ग्रॅमचं असतं, आवाजाला दचकतं, मिक्सर लावला की आतून लाथ. उचकी लागली की पोट एका तालात हलतं. नवऱ्याने हात ठेवला की नेमकं शांत होतं, हे सगळ्यांकडेच होतं. कधी जास्त हलतं, कधी झोपतं हे तुझं तुलाच कळायला लागेल, २८ नंतर ते रोज लक्षात ठेवावंच लागतं. रोजच्यापेक्षा हालचाल एकदम कमी झाली तर गोड काही खाऊन बघू, उद्या बघू असं करायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

पाय संध्याकाळी सुजतात, ते बहुतेक साधं. पण तोंड, हात सुजले, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, बरगडीखाली दुखलं, तर बीपी लगेच तपासून घे, १४०/९० च्या वर गेलेलं घरगुती उपायांनी उतरवायचं नसतं. अंगाला खाज सुटते, पोट ताणतं म्हणून, पण तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज असेल तर रक्ततपासणी करतात, लिव्हरचं असू शकतं.

राहिलं सातव्याचं. ओटी भरून माहेरी जायचं ठरलं असेल तर आधी तिथल्या दवाखान्यात नाव टाक, सगळे रिपोर्ट फाईलमधे लाव आणि फाईल स्वतःच्या पिशवीत ठेव, मामांच्या बॅगेत नको. रस्त्याने खड्डे आणि स्पीडब्रेकर बघता मी तर रेल्वेच म्हणेन. गरोदर बायांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तिकीट काढतानाच सांग.