कायद्यात आकडा छापला म्हणजे पैसे मिळाले असं नाही

राष्ट्रीय उद्यानांसाठी अमेरिकी काँग्रेस एका ना-नफा संस्थेला कायद्याने पैसे देते, म्हणजे सरकार हात झटकतंय का, असा तुमचा प्रश्न आहे. सरसकट तसं म्हणता येणार नाही.

नॅशनल पार्क फाउंडेशन ही संस्था काँग्रेसनेच १९६७ साली कायदा करून काढली. इंटीरियर खात्याचे (सरकारी जमिनी आणि उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याचे) मंत्री तिच्या मंडळावर असतात, पण मताधिकाराशिवाय. काम मुख्यतः देणग्या गोळा करण्याचं. डिसेंबर २०१६ मध्ये ओबामांनी सही केलेल्या पार्क सर्व्हिसच्या (उद्यानं चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) शताब्दीनिमित्तच्या सेंटेनियल कायद्यात तिच्यासाठी २०१७ ते २०२३ दरवर्षी पन्नास लाख डॉलरपर्यंतची तरतूद होती. बातमी वाचणारे इथेच फसतात. ही नुसती मुभा असते. पैसे हातात पडतात ते त्या त्या वर्षीच्या खर्चाच्या विधेयकात आकडा आला तरच. वर अट अशी, की संस्थेने बाहेरून तेवढीच देणगी आणली पाहिजे.

मला त्या कायद्यातला दुसरा भाग जास्त हुशारीचा वाटतो. उद्यानांत प्रवेशासाठीचा ज्येष्ठांचा आजीवन पास दहा डॉलरचा होता, तो ऐंशीचा केला. (ऑगस्ट २०१७ मध्ये दर बदलण्याआधी जुन्या भावात पास घ्यायला झुंबड उडाली होती.) या विक्रीतले वर्षाचे पहिले एक कोटी डॉलर पार्क सर्व्हिसच्या एका निधीत जातात आणि त्यालाही देणगीदारांची जोड लागते. उरलेले फाउंडेशनच्या कायम निधीत. तेव्हा ६२ पूर्ण झालेल्या ग्रीनकार्डधारक आईबाबांसाठी तुम्ही पास काढलात, तर तेही पैसे याच वाटेने गेले. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना हा पास मिळत नाही, दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच.

देणगीची जोड कशी चालते ते वॉशिंग्टन स्मारकात दिसलं. २०११ च्या भूकंपात त्याला तडे गेले. अब्जाधीश डेव्हिड रुबेनस्टाइन यांनी ७५ लाख डॉलर दिले, तेवढेच काँग्रेसने घातले आणि २०१४ मध्ये ते पुन्हा उघडलं.

तुमची शंका खरी ठरते ती वेगळ्याच जागी. स्मारकाला दाता मिळतो, सांडपाण्याच्या पाइपाला कोण देणार? उद्यानांची रखडलेली दुरुस्ती सुमारे २३ अब्ज डॉलरची आहे. तिच्यापुढे पन्नास लाख म्हणजे दर्या में खसखस. त्यासाठी २०२० चा ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स कायदा लागला: पाच वर्षं, वर्षाला १.९ अब्जांपर्यंत, तेही सरकारी जमिनींवरच्या ऊर्जेच्या उत्पन्नातून. फाउंडेशनकडे बोट दाखवून कुणी रेंजरांच्या पगाराला कात्री लावली, तर मात्र ते हात झटकणंच.

सगळ्यात उपेक्षित म्हणाल तर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे उद्यानांबाहेरच्या बऱ्याचशा सरकारी जमिनी सांभाळणारी संस्था. जमीन साडेचोवीस कोटी एकर, पार्क सर्व्हिसच्या जवळपास तिप्पट. तिच्यासाठी अशीच संस्था काढायला काँग्रेसने २०१७ मध्ये परवानगी दिली आणि ती सुरू व्हायला २०२२ उजाडलं.