‘काय नवीन?’ असे घरच्यांनी विचारल्यावर काय सांगावे?

आपला प्रश्न असा आहे की, नोकरीला लागून तीन वर्षे झाल्यावर घरचे किंवा जुने मित्र ‘काय नवीन?’ असे विचारतात तेव्हा ‘काही नाही, तेच चालू आहे’ यापलीकडे आपल्याला काही सुचत नाही. हे केवळ आपल्याच बाबतीत होते का, आणि रोजच्या आयुष्यातले नेमके सांगायचे तरी काय? मी २७ वर्षांची आहे, एका कंपनीच्या लेखा विभागात माझे पाचवे वर्ष चालू आहे, आई-बाबांपासून दूर भाड्याच्या खोलीत राहते, आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत माझे उत्तर शब्दशः आपल्यासारखेच होते. तेव्हा पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: असे केवळ आपलेच होत नाही. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते.

शिकत असताना आपल्या आयुष्यातल्या बातम्या दुसरे कोणीतरी तयार करून देत असते. परीक्षा, निकाल, प्रवेश, स्नेहसंमेलन, सुट्ट्या असे वर्षाचे तुकडे पाडलेलेच असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सांगण्यासारखे काही ना काही हाती येते. नोकरी लागली की हे टप्पे एकाएकी संपतात. वर्षातून एकदा होणारे कामाचे मूल्यमापन सोडले, तर एक महिना दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येईल अशी खूण राहत नाही. त्यातच ‘काय नवीन?’ हा प्रश्न मला ‘काय मिळवलेस?’ असा ऐकू येई. बढती नाही, नवे घर नाही, लग्नाचे काही ठरलेले नाही, म्हणजे सांगण्यासारखे काहीच नाही, असा हिशेब मी मनातल्या मनात करत असे आणि फोन चार मिनिटांत संपत असे. आईला बढतीची बातमी नकोच होती, माझा दिवस कसा जातो ते तिला डोळ्यांसमोर आणायचे होते, हे मला फार उशिरा समजले.

दुसरी अडचण स्मरणाची होती. सकाळी ६:४० ला उठणे, पाऊण तास प्रवास, मग नोंदी, बिले, ईमेल, संध्याकाळी पुन्हा पाऊण तास प्रवास. सारखे दिवस मन वेगवेगळे साठवून ठेवत नाही, त्यांची एकावर एक घडी घालून एकच दिवस करून ठेवते. रविवारी आई विचारायची तेव्हा मंगळवारी काय झाले होते हे मला प्रामाणिकपणे आठवत नसे. ‘काही नाही’ हे उत्तर टाळण्यासाठी दिलेले नव्हते; मागे वळून पाहिले तर खरोखरच काही दिसत नव्हते.

हे बदलले ते एका महिनाअखेरीला. आमच्या कामात महिनाअखेर म्हणजे सगळ्या खात्यांचा ताळमेळ बसवण्याचे दिवस. त्या वेळी एका खात्यात बरोबर ४५० चा फरक येत होता आणि दोन तास शोधूनही तो सापडत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकारी, ज्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे, माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “फरकाला नऊने भाग जातो का बघ. जात असेल तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. नसेल जात, तर फरकाचे अर्धे करून त्या रकमेची नोंद शोध. नावे (डेबिट) बाजूची रक्कम चुकून जमा (क्रेडिट) बाजूला गेली असेल तर फरक दुप्पट दिसतो.” ४५० ला नऊने भाग जातो. पंधरा मिनिटांत नोंद सापडली: ६,८३० च्या जागी मीच ६,३८० लिहिले होते.

त्या रात्री बाबांनी नेहमीप्रमाणे ‘काय विशेष?’ असे विचारले आणि डोक्यात तेच घोळत असल्यामुळे मी ही गोष्ट सांगून टाकली. बाबांचा हिशेबाच्या कामाशी आयुष्यात कधी संबंध आलेला नाही. तरीही त्यांनी ‘थांब जरा’ म्हणून कागद-पेन्सिल आणली, तीन-चार संख्या उलटसुलट लिहून वजाबाकी करून पाहिली आणि फोनवरच मोठ्याने म्हणाले, “खरंच गं, दर वेळी नऊने भाग जातोय!” दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या कामाच्या वेळेआधी, त्यांचा स्वतःहून फोन आला. असे का होते याचा त्यांनी रात्री विचार केला होता. दशकाच्या जागेवरचा अंक एककाच्या जागी गेला की त्याची किंमत त्या अंकाच्या नऊपटीने घटते आणि त्याच्या जागी आलेल्या अंकाची किंमत त्याच्या नऊपटीने वाढते. म्हणून राहणारा फरक हा त्या दोन अंकांमधल्या अंतराची नऊपटच असतो, आणि शतक-दशकाची अदलाबदल असेल तर नव्वदपट. माझ्या चुकीत आठ आणि तीन यांच्यात पाचाचे अंतर होते, म्हणून ४५०. हे सगळे ते मला इतक्या उत्साहाने समजावून सांगत होते की मला भरून आले. तीन वर्षे मी नेमके काय काम करते हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसण्याचे कारण मी होते.

पुढे आपल्या गोष्टी दुसऱ्याला सांगण्याविषयी वाचताना मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००४ मधले संशोधन माझ्या वाचनात आले. चांगली गोष्ट घडल्याचा आनंद एक, आणि ती कोणाला तरी सांगितल्याने मिळणारा आनंद त्याहून निराळा, त्यावर भर घालणारा, असे त्यांना रोजनिशीच्या नोंदींवरून आढळले होते. ऐकणारा कसा प्रतिसाद देतो याचेही महत्त्व त्यांनी दाखवले: ‘अरे वा’ म्हणून विषय संपवणारा आणि ‘मग पुढे काय झाले?’ असे मन लावून विचारणारा, या दोघांमुळे नात्यावर होणारा परिणाम सारखा नसतो. हे वाचून मला माझी स्वतःची बाजू दिसली. आई शेजारच्या घराच्या दुरुस्तीबद्दल किंवा तिच्या शिवणाबद्दल काही सांगत असे तेव्हा माझी नजर संगणकाच्या पडद्यावर आणि तोंडात ‘हो का, बरं’ असे. मी तिला एकही प्रश्न विचारत नसे. तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे अर्धे उत्तर असे आहे की, काय सांगावे हे सुचत नसेल त्या दिवशी समोरच्याला नीट विचारावे, आणि मिळालेल्या उत्तरावर आणखी एक प्रश्न विचारावा. तुमच्याकडे सांगण्यासारखे काही नसले तरी तो फोन रिकामा जात नाही.

उरलेले अर्धे उत्तर एका छोट्या वहीत आहे. त्या प्रसंगानंतर मी रोज रात्री एक ओळ लिहू लागले. ‘आज कंटाळा आला’, ‘दिवस बरा गेला’ अशा ओळी पहिल्या आठवड्यातच मी सोडून दिल्या, कारण त्या वाचून महिन्याभराने काहीच आठवत नाही. आता त्या ओळीत एखादी वस्तू, एखादा आकडा किंवा कोणाच्या तरी तोंडचे वाक्य असलेच पाहिजे, एवढा एकच नियम मी पाळते. ‘लिफ्ट बंद, सहा मजले चढले, चौथ्यावर थांबले तेव्हा पहिल्यांदा त्या खिडकीतून दिसणारे झाड पाहिले.’ ‘नव्या मुलीने विचारले, तुम्हालाही सुरुवातीला भीती वाटायची का? मी हो म्हटले.’ अशा ओळी. फोनच्या आधी मी आठवड्याच्या सात ओळी वाचते आणि त्यातली एखादी सांगते. सातांपैकी पाच ओळी तशा कोणाला सांगण्याजोग्या नसतात, आणि त्याने काही बिघडत नाही.

आपल्याला कदाचित वाटेल की एवढ्या क्षुल्लक गोष्टी लिहून काय मिळणार. मलाही वाटत होते. संशोधक टिंग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना नुकतेच झालेले एखादे संभाषण, सध्या ऐकत असलेली गाणी, अलीकडचा एखादा फोटो अशा साध्या गोष्टींची नोंद करायला सांगितली होती आणि तीन महिन्यांनी हे परत पाहायला किती आवडेल याचा अंदाज विचारला होता. प्रत्यक्षात तीन महिन्यांनी त्यांना त्या नोंदी अंदाजापेक्षा अधिक रोचक वाटल्या, आणि खास दिवसांपेक्षा सामान्य दिवसांच्या बाबतीत हा अंदाज जास्त चुकला. माझा अनुभवही असाच आहे. मागच्या वर्षीच्या वाढदिवसाची ओळ वाचून मला विशेष काही वाटत नाही, कारण तो दिवस तसाही लक्षात होता. पण बंद लिफ्टची ओळ वाचली की तो पूर्ण दिवस परत उभा राहतो.

सवय लागायला वेळ लागतो, हे मात्र आधीच सांगून ठेवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी नवी रोजची कृती आपोआप घडू लागायला मध्यकाने (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले होते, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. मला जवळपास तीन महिने लागले. त्याच अभ्यासात असेही दिसले होते की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा येत नाही. मी पूर्वी दोनदा रोजनिशी सुरू करून एक दिवस चुकल्याबरोबर सोडून दिली होती, त्यामुळे या गोष्टीचा मला मोठाच आधार वाटला. महिनाअखेरीच्या आठवड्यात माझी पाने कोरी असतात आणि एक तारखेनंतर मी पुन्हा लिहू लागते.

आता जे सांगायला मला जड जाते त्याकडे वळते, कारण आपल्या प्रश्नात ते वाक्यांच्या मधोमध दिसते: ‘उगाच काळजी नको म्हणून वाईट गोष्टी मी सांगतच नाही.’ मीही सांगत नसे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी चार दिवस तापाने अंथरुणाला खिळून होते आणि घरी ‘कामाची गडबड आहे, नंतर बोलते’ असे संदेश पाठवत होते. त्यात मला समजूतदारपणा वाटत होता. त्याच वर्षी आईच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि मला ते आठ दिवसांनी कळले. मी रागावले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “तुला कामाची गडबड असते ना, म्हणून नाही सांगितलं.” तिने मुद्दाम टोमणा मारला नव्हता, घरात जी पद्धत पडली होती तिला धरून ती वागली होती, आणि ती पद्धत मी पाडली होती. आपण लपवू लागलो की समोरचेही लपवू लागतात, आणि वयाने मोठ्या माणसांनी लपवलेल्या गोष्टी बहुधा आपल्या तापापेक्षा गंभीर असतात. आता आमच्यात असे ठरले आहे की आजारपण त्याच दिवशी सांगायचे, पण सांगताना तीन गोष्टी एकत्र सांगायच्या: काय झाले आहे, त्यावर काय केले आहे, आणि पुढचा फोन कधी करणार. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण काळजी वाढते ती बातमी कळल्यामुळे कमी आणि पुढे काही न कळल्यामुळे जास्त.

मित्रांच्या बाबतीत मला एक उलटीच गोष्ट आढळली आहे. ज्या मैत्रिणीशी मी दर आठवड्याला बोलते तिला सांगण्यासारखे माझ्याकडे कायम काही ना काही असते. ज्यांच्याशी वर्षातून एकदा बोलणे होते त्यांना सांगायला मात्र काहीच नसते. वर्षाने भेटणाऱ्याला आपण गोषवारा सांगतो, म्हणजे नोकरी तीच, खोली बदलली, तब्येत ठीक, आणि गोषवाऱ्यावर कोणाला काय विचारता येणार? लिफ्टची किंवा नव्या मुलीची गोष्ट समजायला ऐकणाऱ्याला आमचे कार्यालय आधीपासून थोडे माहीत असावे लागते. महाविद्यालयातल्या एका जिवलग मैत्रिणीशी माझा संबंध असाच सुटला. भांडण झाले नाही, केवळ दोन फोनमधले अंतर वाढत गेले आणि दर वेळी गोषवारा लांबत गेला. तिला मी मागच्या महिन्यात पत्र लिहिले, पण त्यात गेल्या चार वर्षांचा वृत्तांत दिला नाही, फक्त त्या एका आठवड्यात काय घडले ते लिहिले. तिने उत्तरात तिच्या आठवड्याबद्दल लिहिले आहे, दोन पाने.

फोन किती वेळा करावा, असेही आपण विचारले आहे. माझे बुधवार आणि रविवार ठरलेले आहेत, रात्री साडेआठनंतर, आणि वार ठरल्यामुळे ‘तू फोनच करत नाहीस’ हे वाक्य आमच्या घरातून गेले. महिनाअखेरीच्या आठवड्यात बुधवारचा फोन होत नाही हे मी आधीच सांगून ठेवते; त्या रात्री केवळ एक ओळ पाठवते. या महिन्याची ओळ ‘फरक ३६’ एवढीच होती. पाच मिनिटांत बाबांचे उत्तर आले: ‘दोन अंक बघ, चाराचे अंतर असलेले.’