ब्रॉनी जेम्स आणि स्टेफ करी: दोघांचेही वडील मोठे, मग फरक कुठे पडला?

तुम्ही विचारलंय की लेब्रॉन जेम्सच्या मुलाला, ब्रॉनीला, सगळे वशिल्याचं तट्टू म्हणतात, पण स्टेफ करीचे वडीलही एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेले, मग त्याला कुणी तसं का म्हणत नाही? आणि कॉलेजात या दोघांचं नेमकं काय झालं? २००६ ते २००९ मी अमेरिकेत शार्लटला शिकत होतो. करीची कॉलेजातली तिन्ही वर्षं नेमकी तीच, आणि त्याचं डेव्हिडसन कॉलेज तिथून गाडीनं अर्ध्या तासावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांबद्दल. डेल करी म्हणजे लेब्रॉन नव्हे, पण शार्लटमध्ये त्यांना ओळखत नाही असा माणूस मला भेटला नाही. १९८८ मध्ये तिथला एनबीए संघ, हॉर्नेट्स, सुरू झाला तेव्हापासून ते त्यात होते, दहा वर्षं तिथे खेळले. १९९४ मध्ये त्यांना सर्वोत्तम सिक्स्थ मॅनचा, म्हणजे बाकावरून उतरणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा, पुरस्कार मिळाला. म्हणजे स्टेफ लहानपणापासून एनबीएच्या मैदानावर सरावाआधी चेंडू टाकत वाढला. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण माझ्या मते वडिलांकडून मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच होती. शाळेत असताना स्टेफ कमरेजवळून चेंडू सोडायचा. अंगानं किरकोळ, उंचीनं कमी. पुढे मोठी पोरं तो शॉट सहज अडवणार हे डेलना दिसत होतं. त्यांनी एका उन्हाळ्यात घरामागच्या कोर्टवर त्याचा शॉट पूर्ण मोडून डोक्याच्या वरून सोडायला शिकवला. जुनी सवय गेलेली, नवी बसलेली नाही, अशा मधल्या काळात त्या पोराला बास्केटपासून थोडं लांब गेलं की टाकताच येईना. आपल्या मुलाला इतकं वाईट खेळताना रोज बघत राहायचं आणि तरी जुन्या पद्धतीकडे परतू द्यायचं नाही, याला फार धीर लागतो.

नावाचा मात्र त्याला वाटतो तितका उपयोग झाला नाही. आई-वडील दोघंही व्हर्जिनिया टेकचे. वडील बास्केटबॉलचे, आई व्हॉलीबॉलची. डेलचा ३० नंबर त्या कॉलेजानं सन्मानानं निवृत्त केलेला. तरी त्याच कॉलेजानं मुलाला स्कॉलरशिप दिली नाही, वॉक-ऑन म्हणून ये म्हणाले, म्हणजे स्वतःच्या खर्चानं संघात. मोठ्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे कॉलेज संघांच्या बड्या गटांमधल्या, इतर कॉलेजांनीही पाठ फिरवली. डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप त्याला दहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होते, कारण त्यांचा मुलगा आणि स्टेफ एकत्र बेसबॉल खेळायचे. ओळख होती ती एवढीच. जेमतेम सतराशे विद्यार्थ्यांचं कॉलेज, आणि एनसीएए या कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १९६९ नंतर एकही सामना जिंकलेला नव्हता.

आता जो सामना मी या विषयावर बोलताना प्रत्येकाला सांगतो तो. नोव्हेंबर २००६, करीचा कॉलेजातला पहिलाच सामना, समोर ईस्टर्न मिशिगन. त्यानं १३ टर्नओव्हर केले. तेरा वेळा चेंडू समोरच्याच्या हातात! तुम्ही बास्केटबॉल खेळला असाल तर कल्पना येईल. पाच-सहा झाले तरी प्रशिक्षक बाकावर बसवतो आणि पुढचे चार सामने तोंड बघत नाही. मॅकिलॉपनी त्याला खेळत ठेवलं. डेव्हिडसन पिछाडीवरून तो सामना जिंकलं. दुसऱ्याच दिवशी मिशिगनविरुद्ध पुन्हा पहिल्या पाचात उतरवलं आणि पोरानं ३२ गुण केले. त्या वर्षी त्याची सरासरी २१.५ गुण होती, देशातल्या फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, खेळाडूंत त्याच्या पुढे एकटा केव्हिन ड्युरंट.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन दिवसांत आहे. मोठ्या कॉलेजात तो त्या पहिल्या सामन्यानंतर बाकावर गेला असता. डेव्हिडसनला तो हवाच होता, म्हणून त्याला वाईट खेळण्याची मुभा मिळाली. आणि बघणाऱ्यांत टीव्हीचे कॅमेरे फारसे नव्हते. त्यांच्या बेल्क अरीनात पाच हजारांच्या आसपास माणसं मावतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा इतका जवळ बसलो होतो की त्याच्या तोंडातलं माउथगार्ड दातांत इकडून तिकडे फिरताना दिसत होतं. माझ्या शेजारच्या आजींनी त्याचा प्रत्येक चुकलेला शॉट स्वतःच्या नातवाचा असावा तसा मनाला लावून घेतला.

मार्च २००८ च्या एनसीएए स्पर्धेबद्दल सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगतो. गोंझागाविरुद्ध ४० गुण, जॉर्जटाउनविरुद्ध १७ गुणांच्या पिछाडीवरून विजय आणि त्यात ३०, मग डेट्रॉइटला विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. डेट्रॉइटच्या प्रवासासाठी कॉलेजच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांच्या बसचा खर्च उचलला होता. पुढच्या फेरीत कॅन्ससकडून ५९-५७ असा पराभव. शेवटच्या क्षणी दोघे अंगावर आले म्हणून करीनं चेंडू जेसन रिचर्ड्सकडे दिला, त्याचा थ्री, म्हणजे लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट, हुकला. कॅन्सस पुढे विजेते झाले. त्या विस्कॉन्सिनच्या सामन्याला प्रेक्षकांत लेब्रॉन जेम्स बसला होता. ब्रॉनी तेव्हा साडेतीन वर्षांचा.

आता ब्रॉनी. त्याला करीसारखी आडवाट कधी मिळणारच नव्हती. नावच लेब्रॉन जेम्स ज्युनियर. शाळेचे सामने टीव्हीवर, मग यूएससीसारखं लॉस एंजेलिसमधलं मोठं कॉलेज. करीचे तेरा टर्नओव्हर कॅम्पसबाहेर किती जणांना कळले? ब्रॉनीचा एक हुकलेला शॉट रात्रीपर्यंत लाखो फोनवर असायचा.

आणि टीका करणारे एक गोष्ट सोडूनच देतात, त्याचा मला मनापासून राग येतो. २४ जुलै २०२३ ला यूएससीच्या सरावात, पहिला सामना खेळण्याआधीच, या १८ वर्षांच्या मुलाचं हृदय बंद पडलं. जन्मजात दोष निघाला, त्यावर उपचार झाले, आणि साडेचार महिन्यांनी, १० डिसेंबरला, तो लाँग बीच स्टेटविरुद्ध कोर्टवर उतरला. १६ मिनिटं, ४ गुण. त्याच सामन्यात त्यानं मागून धावत जाऊन एक ब्लॉक केला, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवला, अगदी बापासारखा. आदल्या रात्री लास व्हेगासला आपल्या लेकर्स संघाला स्पर्धा जिंकून देणारा लेब्रॉन तो बघायला कोर्टालगत हजर होता.

हंगामात तो २५ सामने खेळला, सरासरी ४.८ गुण, थ्री-पॉइंटर चारातला एखादाच आत. संघानं १५ जिंकले, १८ हरले. आकडे चांगले नाहीत, आणि एवढ्या आकड्यांवर दुसऱ्या कुणाला लेकर्सनी २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५५ व्या क्रमांकावर घेतलं नसतं, हे मी मान्य करतो. नावाचा वाटा त्यात होताच. पण बचावात तो खरोखर चिवट आहे. पायांची हालचाल बघा, समोरच्याला सहज बाजूनं निघू देत नाही.

माझं मत विचाराल तर त्यानं कॉलेजात आणखी निदान एक वर्ष काढायला हवं होतं. करी तीन वर्षं राहिला. तिसऱ्या वर्षी रिचर्ड्स नव्हता, म्हणून चेंडू घेऊन संघ चालवण्याचं काम त्याच्याकडे आलं, आणि ते तो तिथेच शिकला. त्याच वर्षी लोयोला मेरीलँडच्या प्रशिक्षकानं सामनाभर त्याच्यावर दोन-दोन माणसं लावली. करी गुपचूप कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि बाकीचे चौघे तिघांविरुद्ध खेळले. देशात सर्वाधिक सरासरी असलेल्या खेळाडूचा स्कोअर शून्य, आणि डेव्हिडसन ७८-४८ नं जिंकलं. २० वर्षांच्या पोराला हे सुचणं आणि तसं सामनाभर निभावणं, हे मला त्या ४० गुणांपेक्षा मोठं वाटतं.

ब्रॉनीला ते दुसरं वर्ष मिळालं नाही. त्याला बाहेर पडायची घाई का झाली हेही समजण्यासारखं आहे. वडील चाळिशीला टेकले होते, एकत्र खेळायचं तर वेळ थोडाच उरलेला. २२ ऑक्टोबर २०२४ ला मिनेसोटाविरुद्ध बाप-लेक एकत्र उतरले, एनबीएत असं कधीच झालं नव्हतं. जेमतेम तीन मिनिटं. मी ती सकाळी मुलीला शेजारी बसवून पाहिली. टाइमर टेबलापाशी लेब्रॉन खाली वाकून त्याच्याशी काहीतरी बोलत होता आणि ब्रॉनी नुसती मान हलवत होता.