वर्षभरानं तीच कमांड, पण आकडा वेगळा

प्रश्न: माझ्या पीएचडीच्या कामात तुरीच्या 48 वाणांचा सिक्वेन्सिंग डेटा आहे. बीडब्ल्यूए मेमनं अलाइन करायचं (डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे, म्हणजे रीड्स, संदर्भ जीनोमवर जागच्या जागी बसवायचे), सॅमटूल्सनं सॉर्ट करायचं आणि मग व्हेरियंट, म्हणजे डीएनएमधले फरक, काढायचे. सगळ्या कमांड नोटपॅडमध्ये ठेवल्यात, तिथून कॉपी करून टर्मिनलमध्ये पेस्ट करते. मागच्या वर्षी पेपर पाठवला होता, आता रिव्ह्यूअरनं सहा सॅम्पल परत करून दाखवा म्हटलंय. नव्या सर्व्हरवर तेच सगळं केलं तर आकडे थोडे वेगळे येतायत. गाईड म्हणतात पायथनमध्ये स्क्रिप्ट कर. मग प्रत्येक टूलसाठी रॅपर (टूलची कमांड आत गुंडाळणारं पायथन फंक्शन) लिहू का? — एक वाचक, परभणी

उत्तर: आधी एक सांगतो, तुमचं काही चुकलंय असं लगेच धरू नका. तुम्ही थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) किती दिले होते ते लिहिलेलं नाही पण माझा पहिला संशय तिथंच आहे. बीडब्ल्यूए मेम रीड्स गठ्ठ्यांनी वाचतं, एका गठ्ठ्यात 1 कोटी बेस (डीएनएची अक्षरं) गुणिले थ्रेडची संख्या, आणि पेअर्ड रीड्स (एकाच तुकड्याची दोन्ही टोकं वाचलेले) असतील तर दोन टोकांमधलं अंतर साधारण किती असावं याचा अंदाज प्रत्येक गठ्ठ्यावरून वेगळा काढतं. म्हणजे जुन्या मशीनवर 8 थ्रेड आणि नव्यावर 32 दिले की गठ्ठे बदलले, अंदाज बदलला, आणि काही रीड्स दुसरीकडे जाऊन बसले. यावर उपाय टूलमध्येच आहे, कॅपिटल के चा (-K) पर्याय देऊन गठ्ठ्याचा आकार ठरवून टाकायचा (10 कोटी देतात बरेच जण), मग थ्रेड कितीही असोत फरक पडत नाही. जुनी सॅम्पल कशी केली होती ते सापडलं तर तेवढेच थ्रेड देऊन एक सॅम्पल चालवून बघा, आकडे जुळले तर रिव्ह्यूअरला कारणासकट उत्तर देता येईल.

दुसरा संशय व्हर्जनवर. सॅमटूल्स 1.3 मध्ये सॉर्टची जुनी लिहायची पद्धत काढूनच टाकली, त्यामुळं त्याआधीची कमांड आज पेस्ट केली तर चालतच नाही, निदान कळतं तरी. जिथं कमांड चालते पण आतलं काहीतरी बदललेलं असतं तिथं पंचाईत. युनिक्सच्या साध्या सॉर्टचंही तसंच, मशीनची भाषा कुठली सेट आहे त्यावर अक्षरांचा क्रम बदलतो, म्हणून एलसी ऑल बरोबर सी (LC_ALL=C) हे स्क्रिप्टमध्येच ठेवायचं. आणि पायथनकडून फोल्डरमधल्या फाईलची यादी घेतली की ती कुठल्याही क्रमानं येऊ शकते, सॉर्टेड लावल्याशिवाय पुढं पाठवू नका.

आता रॅपर. प्रत्येक टूलसाठी वेगळा लिहायच्या फंदात पडू नका, हे मी मनापासून सांगतोय. सॅमटूल्सच्या सगळ्या पर्यायांना पायथनमध्ये नवी गोंडस नावं द्यायला गेलात तर सहा महिन्यांनी खरी कमांड काय चालली ते तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि टूलचं मॅन्युअल एक म्हणतं तुमचं फंक्शन दुसरंच म्हणतं अशी गत होते. एकच फंक्शन लिहा, नाव काहीही द्या, मी 'चालव' देतो. त्यानं कमांड जशीच्या तशी घ्यायची, चालवायची, आणि काय झालं त्याची नोंद ठेवायची.

आत पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलचं रन वापरा. कमांड एका लांब स्ट्रिंगमध्ये नको, लिस्टमध्ये द्या, एकेक शब्द वेगळा, म्हणजे फाईलच्या नावात स्पेस आली तरी बिघडत नाही. चेक बरोबर ट्रू (check=True) ठेवा, नाहीतर कमांड फेल झाली तरी पायथन गप्प पुढं जातं, आणि ही सवय फार महागात पडते. नोंदीसाठी दर कमांडमागं एक छोटी जेसन फाईल: पूर्ण कमांड, टूल नक्की कुठल्या फोल्डरमधलं चाललं (टूल बसवायला कोंडा वापरत असाल तर हे हमखास लिहा, एकाच मशीनवर तीन-तीन सॅमटूल्स असतात), व्हर्जन, थ्रेड, इनपुट फाईलचा एमडीफाइव्ह (मजकुरावरून काढलेला ठसा, फाईल बदलली की बदलतो), एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे ठीक). टूल स्क्रीनवर जे बडबडतं ते वेगळ्या लॉग फाईलमध्ये. व्हर्जन विचारताना एक गंमत होते, बीडब्ल्यूएला व्हर्जनचा वेगळा पर्याय नाही, नुसतं बीडब्ल्यूए म्हटलं की मदतीच्या मजकुरात व्हर्जन छापतं आणि एक्झिट कोड 1 देतं. म्हणजे चेक ट्रू असेल तर व्हर्जन विचारतानाच स्क्रिप्ट कोसळणार, तेवढ्या एका ठिकाणी ते काढून ठेवा.

आणि पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं. यावर जरा थांबतो कारण यात मी स्वतः पोळलोय. आमच्याकडं एका सॅम्पलची फास्टक्यू (रीड्सची) फाईल डाउनलोड होताना नेट गेलं आणि फाईल अर्धवट आली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. कमांड होती गनझिपमधून (कॉम्प्रेस केलेली फाईल उलगडणारं टूल) बीडब्ल्यूए आणि तिथून सॅमटूल्स सॉर्ट. गनझिप मधेच फाईल संपली म्हणून एरर देऊन बंद पडलं, पण बीडब्ल्यूएला वाटलं रीड्स संपले, त्यानं आहे तेवढं अलाइन करून दिलं, सॉर्टनं अलाइन झालेल्या रीड्सची व्यवस्थित बॅम फाईल बनवली. आणि शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड देतं, तो होता शून्य. सॅमटूल्स क्विकचेकसुद्धा ठीक म्हणालं, कारण ते बॅमच्या शेवटी जी 28 बाइटची खूण असते ती आहे का एवढंच मुख्यतः बघतं, ती खूण होतीच. आम्ही तीन आठवडे सॅम्पलचा डीएनएच खराब होता म्हणत बसलो, परत काढायची तयारीही झाली, आणि मग कुणीतरी एमडीफाइव्ह जुळवून बघितला.

तेव्हापासून पाइप असला की बॅशचं पाइपफेल (मधली कुठलीही कमांड फेल झाली की सगळा पाइप फेल धरायचा) लावल्याशिवाय मी चालवत नाही. त्यात एक खोच आहे, पायथनमध्ये शेल बरोबर ट्रू (shell=True) दिलं की ते बॅश नाही तर एसएच चालवतं, उबुंटूवर ते डॅश असतं आणि त्याच्या बऱ्याच व्हर्जनला पाइपफेल माहीतच नाही. म्हणून लिस्टमध्ये बॅश स्वतः लिहायचं, त्याला पाइपफेलचा पर्याय द्यायचा, आणि फाईलची नावं पायथनच्या शेलेक्समधल्या कोट फंक्शनमधून घालायची. शिवाय आउटपुट आधी तात्पुरत्या नावानं लिहा, सगळं नीट झालं तरच त्याच फोल्डरमध्ये खरं नाव द्या, म्हणजे खऱ्या नावाची अर्धी फाईल कधी राहणारच नाही.

एवढं झालं की 48 सॅम्पल गुणिले चार-पाच टप्पे असा पसारा होईल, त्यातलं काय झालंय काय राहिलंय याचा हिशोब स्वतःच्या पायथनमध्ये ठेवत बसू नका. त्यासाठी स्नेकमेक हे टूल शिका, 2012 पासून आहे, पायथनसारखंच लिहायचं असतं, आणि काही चालवायच्या आधी काय काय चालणार ते नुसतं दाखवतं. मूळ कल्पना मेकची, 1976 ची, बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमननं लिहिलेलं: कुठली फाईल कशापासून बनते ते सांगा, जुनी झालेली तेवढीच परत बनवू. पण आधी 'चालव' लिहा, दोन-तीन सॅम्पल त्यावर करा, मग स्नेकमेकमध्ये काय चाललंय ते तुम्हाला आतून कळेल.

प्रश्न: जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं टेसेरॅक्टनं (चित्रातली अक्षरं ओळखणारं टूल) टेक्स्टमध्ये करतोय, पायथनमधून. फाईलची नावं मराठीत आहेत. लॅपटॉपवर सगळं चालतं, मित्राच्या मशीनवर काही फाईल सापडत नाहीत म्हणतं, पण डोळ्यांना तर नाव तेच दिसतं. आणि टेक्स्टही थोडं वेगळं येतं. — एक वाचक, अमरावती

उत्तर: न सापडणाऱ्या नावांमध्ये 'वऱ्हाड', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असलं काही आहे का बघा. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतं, एक तर अख्खं एकच, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. डोळ्यांना सारखं, मशीनला वेगळं. जुन्या मॅकची फाईलसिस्टम नावं सुटी करून ठेवायची, तिथून आलेल्या फाईलमध्ये हे हमखास सापडतं. पायथनच्या युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइझ घ्या, एनएफसी (सुटे भाग जोडून एकच अक्षर करणारा प्रकार) लावून सगळी नावं एकदाच बदलून टाका, आणि यादीतली नावंही त्यातूनच काढा.

टेक्स्ट वेगळं येण्याचं कारण बहुतेक मराठीची ट्रेन्ड डेटा फाईल, म्हणजे जिच्यावरून टेसेरॅक्ट अक्षरं ओळखतं ती. टेसेरॅक्टच्या तीन प्रकारच्या मिळतात, साधी, फास्ट आणि बेस्ट, तिन्हीमध्ये मराठीची फाईल एकाच नावाची असते आणि निकाल वेगवेगळे येतात. टेसेरॅक्टचं व्हर्जन दोघांचं सारखं असलं तरी ही फाईल वेगळी असू शकते, म्हणून वर सांगितलेल्या नोंदीत तिचाही एमडीफाइव्ह टाका. छापील जोडाक्षरांसाठी मी बेस्ट वापरतो, वेळ जास्त लागतो पण नंतर हातानं दुरुस्त करायला कमी राहतं. ती फाईल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि टेसेरॅक्टला फोल्डरचा पत्ता कमांडमध्येच द्या, म्हणजे मित्राकडंही तीच चालेल.