टेक्सासमध्ये जुने पोलिश पिस्तूल जवळ बाळगण्याविषयी

स. न. वि. वि.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीच्या अर्जावरून मिळालेल्या स्थलांतरित व्हिसावर आपण सपत्नीक नाशिकहून ह्यूस्टनजवळ स्थायिक होण्यास येत आहात. मेहुण्यांच्या गॅस स्टेशनवरील दुकानात आपल्याला रात्रपाळी सांभाळावी लागणार आहे आणि त्यांच्याकडे पडून असलेले पोलंडच्या लष्करातून निघालेले पी-64 पिस्तूल ते आपल्याला देऊ करीत आहेत. त्याची स्प्रिंग बदलून, घोड्याचे (मागून काडतुसावर आघात करणाऱ्या हॅमरचे) टोक कापून आणि कडा घासून ते कपड्यांखाली बाळगण्याजोगे करून घ्यावे का, असे आपण विचारता. माझे उत्तर असे की पिस्तूल घ्यायचे असेल तर घ्यावे, पण ते आहे तसेच ठेवावे, आणि रोज कमरेला लावण्यासाठी ते वापरू नये.

हे पिस्तूल पोलंडमधील रादोम शहराच्या कारखान्यात तयार होत असे. सहा गोळ्यांचे मॅगझिन, सुमारे 84 मिलिमीटरची नळी आणि संपूर्ण पोलादी बांधणी. आकाराने ते खरोखरच लहान आहे, त्यामुळे ते लपवून बाळगण्याचा मोह स्वाभाविक आहे. त्याची खरी अडचण चापाची, म्हणजे बोटाने ओढायच्या ट्रिगरची आहे. घोडा खाली असताना पहिली गोळी झाडण्यासाठी चापावर नऊ किलोंच्या आसपास, काही नमुन्यांत त्याहूनही अधिक जोर द्यावा लागतो. ज्याने आयुष्यात एनसीसीची पॉइंट टू-टू रायफल सोडून दुसरे काही चालवलेले नाही, त्याची पहिली गोळी या ओढीत हमखास खाली आणि बाजूला जाते. म्हणून जो तो प्रथम घोड्याची स्प्रिंग बदलतो. बाजारात हलक्या स्प्रिंगा सहज मिळतात आणि त्या बसवणे अवघडही नाही.

मात्र ती स्प्रिंग केवळ घोडा आपटण्यासाठी नसते. या पिस्तुलात गोळी सुटताना स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, नळीला कोणत्याही खाचेने जखडलेली नसते. स्लाइडचे वजन, तिची परतीची स्प्रिंग आणि मागून टेकलेल्या घोड्याचा दाब, एवढ्यांवरच ती क्षणभर रोखून धरलेली असते. घोड्याची स्प्रिंग हलकी केली की स्लाइड अधिक वेगाने मागे येते आणि मुळातच तीव्र असलेला झटका आणखी वाढतो. त्यावर उपाय म्हणून लोक परतीची स्प्रिंग जाड बसवतात, मग स्लाइड हाताने ओढणे कठीण होते आणि काही वेळा पुढची गोळी नीट चढत नाही. शिवाय घोड्याचा आघात सौम्य झाल्यामुळे टणक टोपीची जुनी लष्करी काडतुसे कधी कधी उडतच नाहीत. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, असे झाले तर आपण पुन्हा चाप ओढतो आणि विषय संपतो, रात्री दोन वाजता गल्ल्यापाशी ती सवलत नसते.

घोड्याचे टोक कापण्याने तर मूळ दुखणेच वाढते. जड चापावरचा उपलब्ध तोडगा म्हणजे अंगठ्याने घोडा मागे ओढून मग हलक्या चापाने पहिली गोळी झाडणे. टोक कापले की तो मार्ग बंद, आणि जड ओढ टाळण्यासाठी हलकी स्प्रिंग अपरिहार्य होते. कडा घासण्याचे म्हणाल, तर घासलेल्या जागेवरचा काळपट मुलामा निघून जातो आणि ह्यूस्टनच्या दमट उन्हाळ्यात घामाने तेथे पाहता पाहता गंज चढतो. मुठीच्या फळ्या बदलणे किंवा पुढच्या नेमाच्या खुणेवर रंगाचा ठिपका देणे यांस माझी हरकत नाही, कारण ते कधीही पूर्ववत करता येते. कापलेले पोलाद परत येत नाही, आणि संग्राहकांच्या दृष्टीने अशा पिस्तुलाचे मोल जाते ते वेगळेच.

काडतुसांचाही विचार करावा. पी-64 ला नऊ बाय अठरा मिलिमीटरचे, म्हणजे मकारोव्ह जातीचे काडतूस लागते. अमेरिकेत सर्वत्र मिळणारे नऊ मिलिमीटरचे काडतूस हे नऊ बाय एकोणीस असते. ते लांबीने अधिक आणि दाबाने जबर असते आणि या पिस्तुलात चालत नाही. मकारोव्हचा स्वस्त माल प्रामुख्याने रशियातून येत असे. सप्टेंबर 2021 पासून रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर अमेरिकेने निर्बंध घातल्यावर तो स्वस्ताईचा काळ संपला. स्वसंरक्षणासाठी योग्य अशा पोकळ टोकाच्या गोळ्या या मापात मोजक्याच कंपन्या करतात, आणि हे पिस्तूल गोल टोकाच्या गोळ्यांसाठी घडवलेले असल्याने त्या त्यात अडकत नाहीत ना, हे आधी पुरेशा गोळ्या झाडून पाहावे लागते. सरावाची किंमत वाढली की सराव कमी होतो, हे मी येथे अनेक सद्‌गृहस्थांच्या बाबतीत पाहिले आहे. याच आकाराचे, याहून हलके, दहा गोळ्यांचे आणि सर्वत्र मिळणारे काडतूस घेणारे सिग पी-365 हे पिस्तूल 2018 पासून बाजारात आहे, आणि त्या धर्तीची इतर कंपन्यांचीही आहेत. सुधारणेचे सुटे भाग, गनस्मिथची मजुरी आणि महागडी काडतुसे यांचा हिशेब मांडला तर जुन्या पिस्तुलाचा फुकटपणा टिकत नाही.

आता कायद्याविषयी. येथे आपले आणि आपल्या थोरल्या चिरंजीवांचे स्थान वेगळे आहे, आणि आपल्या प्रश्नात तो उल्लेख जाता जाता आल्यामुळेच मी इतके सविस्तर लिहीत आहे. आपण उभयता स्थायी रहिवासी म्हणून प्रवेश कराल, त्यामुळे संघराज्याच्या कायद्यानुसार पिस्तूल बाळगण्यास आपल्याला केवळ परदेशी नागरिक म्हणून बंदी नाही. चिरंजीव वयोमर्यादेमुळे त्या अर्जातून गळले आणि विद्यार्थी व्हिसावर येत आहेत. विद्यार्थी, एच-1बी हा नोकरीचा व्हिसा, त्यावरील जोडीदार किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा संघराज्याचा गुन्हा आहे. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणे हेसुद्धा बाळगण्यातच मोडते. ऑफिसच्या सहलीत रेंजवर जाऊन काढलेली छायाचित्रे आपली मुले उत्साहाने घरी पाठवतात, तेव्हा मला धसका बसतो. अमिरातीच्या रेहाइफ नावाच्या विद्यार्थ्यावर फ्लोरिडात खटला झाला, तो विद्यापीठातून काढले गेल्यावर आणि देशात राहण्याचा हक्क संपल्यावर रेंजवर गोळ्या झाडल्यामुळेच. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आपला दर्जा काय आहे हे आरोपीला ठाऊक होते हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे ठरवले. मात्र ज्याला आपला व्हिसा कोणता हे ठाऊक आहे, त्याला त्या निकालाचा उपयोग नाही.

या बंदीला वैध शिकारी परवान्याचा अपवाद आहे आणि येथील अनेक जण त्याचा आधार घेतात. टेक्सासचा वार्षिक शिकारी परवाना 31 ऑगस्टला संपतो. नूतनीकरण राहून गेले तर 1 सप्टेंबरच्या सकाळी तीच व्यक्ती, त्याच घरात, गुन्हेगार ठरू शकते. शिक्षणासाठी आलेल्या मुलाचे भवितव्य अशा कागदावर टांगून ठेवू नये. म्हणून घरातील पिस्तूल कुलूपबंद तिजोरीत असावे आणि तिचा संकेतांक चिरंजीवांना, तसेच पुढे पर्यटक व्हिसावर येणाऱ्या आपल्या आईवडिलांना ठाऊक नसावा. हात न लावताही वस्तू ताब्यात आहे असे मानले जाऊ शकते, हे आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या सवयीत लक्षात राहत नाही.

मेहुण्यांकडून पिस्तूल घेताना, दोघेही टेक्सासचे रहिवासी झाल्यावर घरगुती देवघेव कायद्याने चालते. तरीही परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात 4473 क्रमांकाचा अर्ज भरून हस्तांतर करावे, म्हणजे आपल्या नावाची पडताळणी होते आणि हातात कागद राहतो. त्यासाठी टेक्सासचे ओळखपत्र आणि आपला एलियन क्रमांक (परदेशी नागरिकाला सरकार देते तो नोंदणी क्रमांक) लागेल. ज्या राज्यांत गांजा कायदेशीर आहे तेथील लोकांना वाटते की त्या अर्जातील अमली पदार्थांचा प्रश्न गैरलागू आहे. तसे नाही, आणि खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे.

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून, एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. तरीसुद्धा पिस्तूल बाळगण्याचा राज्याचा परवाना काढावा, असे मी आग्रहाने सांगतो. शाळेपासून हजार फुटांच्या आत सार्वजनिक रस्त्यावर भरलेले पिस्तूल नेण्यास संघराज्याची बंदी आहे, आणि तिच्यातून सूट मिळते ती त्याच राज्याचा परवाना असलेल्याला. ह्यूस्टनमध्ये शाळेजवळून न जाता दुकानापर्यंत पोचणे जवळपास अशक्य आहे. परवान्याच्या परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून एकूण पन्नास गोळ्या झाडाव्या लागतात, आणि मूळ स्थितीतील पी-64 घेऊन ती देऊन पाहिली की बोट आपोआपच मत देईल. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी पिस्तूल नेता येत नाही. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव पुष्कळदा शाळेच्या सभागृहात असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. खासगी जागेच्या दारावर 30.06 क्रमांकाची इंग्रजी-स्पॅनिश पाटी असेल तर परवानाधारकानेही लपवलेले पिस्तूल आत नेऊ नये. बारच्या दारावर लाल अक्षरांत 51 टक्के असे असते, तेथेही तेच.

राज्याची सीमा ओलांडली की टेक्सासचे सौजन्य संपते. आपले नातलग न्यू जर्सीत, एडिसनला आहेत. तेथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा असून पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि टेक्सासचा परवाना तेथे कोणी मानत नाही. मोटारीने जात असल्यास पिस्तूल रिकामे, कुलूपबंद आणि डिकीत असावे, आणि ते घरीच ठेवले तर अधिक बरे. नागरिकत्व मिळेपर्यंत आपण ग्रीन कार्डावर आहात, आणि बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते. अमेरिकन शेजाऱ्याला जी चूक दंडावर भागते, ती आपल्याला घर गमावायला लावू शकते, आणि हौशी सल्लागार हा फरक सांगत नाहीत.

दुकानाबाबत एवढेच की गल्ल्यात रोकड थोडी ठेवावी, बाकीची ठरावीक वेळेनंतरच उघडणाऱ्या तिजोरीत टाकावी आणि तशी पाटी दारावर लावावी. लुटारूने मागितले तर गल्ला देऊन टाकावा. हे मेहुण्यांनाही सांगावे.

रेंजवर नेण्याची पिशवी स्वतंत्र ठेवावी आणि ती भारताच्या प्रवासात कधीही वापरू नये. अस्तरात राहून गेलेले एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ते नकळत राहिले होते हे न्यायालयात पटवून देता येते, पण तोवर परतीचे विमान, रजा आणि वकिलाचे शुल्क यांचा निकाल लागलेला असतो.

कळावे, लोभ असावा.