बोलघुमट, गोलघुमट आणि ‘घुमायला’ गेलेली मंडळी

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘आम्ही विजापूरला घुमायला गेलो होतो. तिथे सगळे गोल गुंबज म्हणत होते. आमची आजी मात्र बोलघुमट म्हणायची. बरोबर कोणतं?’

आधी ते ‘घुमायला’. अहो, मराठी माणूस फिरायला जातो. घुमतो तो पारवा, नाहीतर ढोल, नाहीतर अंगात वारं आलेली बाई. हिंदी मालिकांनी हे आपल्या तोंडात घातलंय आणि आता चांगली शिकलेली माणसंही महाबळेश्वरला ‘घुमून’ येतात. घुमण्यात आवाज लागतो हो, नुसते पाय नाही!

आणि गंमत अशी की तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच क्रियापदात दडलंय.

घुमट हा शब्द फारसी ‘गुंबद’चा, यात वाद नाही. इराणात हा शब्द नुसत्या छपरापुरता नव्हता, अख्ख्या समाधीलाच गुंबद म्हणत. इ. स. 1006 चा गुंबद-ए-काबूस बघा: 53 मीटर उंच विटांचा मनोरा, वर शंकूसारखं टोपण. आपण ज्याला घुमट म्हणतो, तो बाहेरून त्यात दिसतच नाही. विजापुरातही तेच. महंमद आदिलशहाची ती कबरीची इमारत (तो गेला 1656 मध्ये) खाली चक्क चौकोनी आहे, तरी अख्खी इमारत ‘घुमट’.

पण गुंबदच्या ‘ग’चा मराठीत ‘घ’ का झाला? शेजारी कानडीत ‘गुम्मट’ म्हणतात. ‘द’चा ‘ट’ त्यांनीही केला, पण ‘ग’ला हात लावला नाही. माझं म्हणणं असं, की मराठी कानानं या शब्दात ‘घुमणे’ ऐकलं आणि ‘ग’वर श्वास सोडला. परका शब्द आला, घरच्या शब्दाला बिलगला आणि त्याच्यासारखा दिसू लागला. ‘असले महाप्राण (‘घ’सारखे श्वास सोडून केलेले उच्चार) उगाचच होतात’ असं म्हणणारे विद्वान आहेत. त्यांनी एकदा विजापूरच्या घुमटाच्या आतल्या गोल सज्जात उभं राहावं. मी सकाळी लवकर, शाळांच्या सहली यायच्या आत गेलो होतो. गाईडनं पलीकडच्या भिंतीशी जाऊन खिशातला कागद फाडला. मध्ये जवळजवळ 38 मीटरची पोकळी, खाली एकही खांब नसलेलं दालन, आणि तो ‘टर्र’ माझ्या कानाशी. असल्या जागेला मराठी माणूस ‘घु’ सोडून दुसरं काय म्हणणार?

(खांब नाही, मग तो बोजा पेलतो कोण? एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी. चौकोनाचा अष्टकोन करत त्या वर जातात आणि त्यावर सुमारे 3 मीटर जाडीचं ते कवच बसतं. स्थापत्याच्या इतिहासात असा हिशेब फार थोड्यांना जमलाय.)

आता गोव्यात चला. तिथेही घुमट आहे, पण तो मातीचा. दोन्ही तोंडं उघडी असलेलं मडकं, मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं आणि हल्ली बकऱ्याचं कातडं. चवथीच्या आरतीत वाजवणारा एका हातानं कातड्यावर थाप देतो, दुसऱ्या हाताच्या पंज्यानं मागचं छोटं तोंड झाकतो-उघडतो, आणि आवाज आत गोल फिरून बाहेर येतो. 2019 मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. काही जण हा शब्द ‘घट’पासून ओढून आणतात. मग मधला ‘उम’ कुठून टपकला? माझ्या मते हा घुमटही घुमणाराच. एक दगड-विटांचा, एक मातीचा, दोघांच्याही पोटात पोकळी.

हां, गोल की बोल. ‘गोल’ हा मुळात फारसी ‘गुल’, म्हणजे गुलाब, ही थाप आधी बाजूला ठेवा. घुमटाच्या बुडाशी पाकळ्या आहेत खऱ्या, पण त्या कमळाच्या. ‘गोल’ला माझा आक्षेप एवढाच, की घुमट गोल असणारच, ते वेगळं काय सांगायचं? ‘बोल’ मात्र त्या इमारतीची करामत सांगतो. नाव म्हणून गोलघुमट रुळलंय, लिहिताना तेच लिहा. आजीची चूक मात्र काढू नका. आणि पुढच्या खेपेला फिरायला जा.